जाळ दिसायलाय, लागंना

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, दिवसभर शेतात माणूस मावत नाही आणि दिवस मावळला की तेच शेत एकदम भकास होतं. पाहुणे गाड्या काढून गेले, पेटत्या पेंढीचा हेंडगा रानातून फिरवून झाला, भज्जीचं पातेलं तळाला चार बोटं उरलं आणि आंबिलीचं मडकं पालथं पडलं. हवा अशी, की नाकातून आत जाताना टोचावी. मोबाइल ९ अंश म्हणत होता, पण तो लातूर शहराचं सांगतो; आमच्या काळ्या रानात, विहिरीच्या अंगाला, त्याहून कमीच असणार. आम्ही घरची माणसं शेतातल्या खोलीत शिरलो. त्या रात्री खरी परीक्षा माझ्या धाकट्या भावाची होती. त्यानं करवून आणलेली लोखंडी शेगडी सगळ्यांसमोर पहिल्यांदा पेटणार होती. तो तिला बुखारी म्हणतो, माय डबा म्हणते. त्यानं पऱ्हाट्या घातल्या, वर बाभळीची लाकडं रचली, काडी ओढली. जाळीच्या दारातून पिवळा उजेड भिंतीवर नाचायला लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माय वाकळ पांघरून तीन हातांवर बसली होती. अर्ध्या तासानं ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दाराकडं निघाली. भाऊ म्हणाला, "कुठं निघालीस?" ती वळलीसुद्धा नाही. "जाळ दिसायलाय, पर लागंना बग अंगाला."

बाहेर गोठ्यापाशी सालगड्याच्या घरच्यांनी तुराट्यांची शेकोटी केली होती. माय त्या गोलात उकिडवी बसली, हात पुढं धरले आणि कुणीतरी सरकून तिला जागा दिली. आत मी, भाऊ, भावजय आणि गालफडं लाल झालेली ती शेगडी. माझं तोंड भाजत होतं, पाठ काकडत होती. भाऊ दारातून बाहेर बघत राहिला, मग उगाच आणखी एक लाकूड आत सारलं. त्याच्यापेक्षा मीच जास्त खजील झाले. कारण गेली चोवीस वर्षं मी अकरावीच्या पोरांना हेच शिकवते: वहन, अभिसरण, प्रारण. फळ्यावर बाण काढून दाखवते. आणि बारा बाय चौदाची एक खोली मला माझ्या आईसाठी उबदार करता येत नव्हती.

रात्री झोप लागेना.

आमच्या जुन्या घरात ऊब हा कुणी विचार करायचा विषयच नव्हता. माळवदाचं घर, पाच खणांचं. दोन हात जाडीच्या भिंती, दगड आणि मातीच्या. वर लाकडी सर, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी त्यात नव्या मातीची भर. स्वयंपाकघरात उजेड यायचा तो सान्यातून, म्हणजे माळवदातल्या भोकातून, आणि धूर जायचा तोही सान्यातूनच, म्हणजे जाईल तेवढा. चूल भिंतीला लागून होती, वैल भिंतीकडं. वैलावर पाण्याचं भगुणं कायम. चुलीचा जाळ संध्याकाळी दोन-अडीच तास चालायचा, फार तर तीन. भाकरी झाल्या की माय निखारे मागं सारून त्यावर राख ओढायची, "इस्तू झाकून ठेवलाय, लाथाडू नका" म्हणायची आणि चूल गप व्हायची. पण चुलीमागची भिंत गप व्हायची नाही. आम्ही भावंडं त्या भिंतीला पाठ लावून झोपण्यासाठी भांडायचो. भिंतीजवळची जागा ज्याची, त्याला वाकळ अर्धीच मिळायची, असा आजीचा न्याय होता. आणि तोही सौदा आम्हाला परवडायचा. गुळगुळीत सारवलेली ती भिंत, शेणाचा आणि धुराचा मिळून एक वास, आणि मणक्याला लागणारी ती मंद, कुठून येते ते न कळणारी ऊब. पहाटं कोंबडं आरवायच्या वेळी हात लावला तरी ती कोमट असायची. मला लहानपणी वाटायचं, भिंतीला ताप येतो.

ताप म्हणजे काय ते पुढं शिकले. दगडाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या जेमतेम एक पंचमांश, पण दगड भिंतीत मणांनी असतो. तो सावकाश तापतो, सावकाश निवतो. चूल विझल्यावर रात्रभर भिंत चूल होते. म्हणजे आमच्या घराला ऊब चुलीनं दिली, हे अर्धंच खरं. चुलीनं उष्णता कमावली आणि भिंतीनं ती सांभाळली. नुसत्या चुलीचा हिशोब मांडला तर ती फार उधळी बाई. जाळलेल्या लाकडातली बहुतेक उष्णता भांड्याला चुकवून निघून जाते. भांड्याला चुकलेली ती सगळी उष्णता भिंत, ओटा, माळवद आणि शेजारी बसलेली माणसं वाटून घ्यायची, म्हणून त्या उधळपट्टीचं आम्हाला कधी दुःख झालं नाही.

धुराचं मात्र झालं. जुन्या दिवसांचं लिहिताना चुलीवरच्या भाकरीची चव सगळे लिहितात. माय भाकरी थापताना डाव्या हाताच्या मनगटानं डोळे पुसायची, ते कुणी लिहीत नाही. फुंकणी फुंकून तिला ढास लागायची. गॅस घरात आल्यावर तिनं चूल मोडून टाकली आणि एकदाही हळहळली नाही. काही वर्षांमागं खोकला फार वाढला म्हणून तिला एका डॉक्टरकडं नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडापुढं धरला, बराच वेळ बघितला आणि मला विचारलं, "आजी बिड्या ओढायच्या का?" मायला ते ऐकू गेलं. ती इतकी हसली, की हसताहसता पुन्हा ढास लागली. तेव्हापासून घरात कुणी 'चुलीवरचं मटण' अशी पाटी बघून गाडी थांबवायची भाषा केली, की मला तो काळा-पांढरा एक्स-रे आठवतो. मटण खाते मी, नाही म्हणत नाही.

तर भावाची बुखारी. तो मनालीला गेला होता, तिथं लाकडी घरात लोखंडी तंदूर बघितला, वर किटली ठेवलेली, भोवती माणसं स्वेटर काढून बसलेली. ते डोक्यात घेऊन आला. आपल्याकडं असली थंडी वर्षातून तीन आठवडे, पण त्या तीन आठवड्यांत शेतीपंपाची लाईट रात्रीची असली, की हरभऱ्याला पाणी द्यायला मध्यरात्री उठावं लागतं. दारं धरून गुडघाभर चिखलात उभं राहून माणूस परततो तेव्हा पाय आपले वाटत नाहीत. आणि मराठवाड्याची थंडी काही चेष्टा नाही; २०१८ च्या डिसेंबरअखेर परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांवर आला होता. उन्हाळ्यात आम्ही ४२-४३ सोसतो, म्हणून आमच्या हिवाळ्याला कुणी मोजत नाही. घरांनासुद्धा हिवाळा ठाऊक नसतो. भावानं मोबाइलमधले फोटो दाखवून वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची पेटी, दार आणि चार इंची पाइप करून घेतला. पाइप शेगडीच्या पाठीतून निघून हातभर अंतरावर थेट भिंतीबाहेर. दिसायला नीटस, कामाला कुचकामी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत एकटीच बसले आणि ऊब कुठं जाते, ते शोधायला लागले.

पहिली चोरी लाकडातच होती. बाभूळ दिवाळीनंतर तोडलेली. पेटल्यावर टोकाला फेस येत होता, सूंऽऽ असा बारीक आवाज. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकतं. आता पाणी साध्या तपमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सहा-सात पट ते उकळतं पाणी वाफ करून उडवायला लागते. अप्रकट उष्मा. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. आणि आम्ही आदल्या रात्री दोन तास जाळ घालून लाकडातलं पाणी आटवत बसलो होतो. सालगड्याच्या तुराट्या मात्र गेल्या वर्षीच्या, खडखडीत. म्हणून बाहेरच्या शेकोटीनं आम्हाला हरवलं. सालगड्याची बायको दोन लाकडं एकमेकांवर आपटून दाखवत म्हणाली, "ह्ये बगा, वलं हाय. धप वाजतंय. वाळल्यालं टण वाजतंय." एवढ्या चाचणीला माझ्या प्रयोगशाळेत काही उपकरण नाही.

दुसरी चोरी वर. खोलीला पत्रा, आणि पत्र्याला आतून काही नाही. गरम हवा वर जाते हे पोरंही सांगतील; वर गेली, थंड पत्र्याला लागली, संपली. मी खुर्चीवर चढून शेगडी पेटलेली असताना वर हात नेला, तर वर चैत्र आणि खाली पौष. तिसरी चोरी मला सगळ्यात लबाड वाटली. जाळाला हवा लागते. शेगडी खोलीतलीच हवा ओढते, तापवते आणि पाइपातून बाहेर घालवते. तिची जागा भरायला दाराखालच्या फटीतून गार वारा आत येतो. माय बसली होती नेमकी दार आणि शेगडीच्या मध्ये. म्हणजे शेगडी जितकी जोरात पेटे, तितकं मायच्या पाठीवर गार वारं ओतलं जाई. आणि चौथी तो आखूड पाइप. धूर इतका तापलेला बाहेर पडत होता, की पाइपाच्या तोंडावर पापड भाजला असता. आम्ही रानाला शेकत होतो.

पुढचे पंधरा दिवस भाऊ आणि मी शेगडीच्याच नादी लागलो. भावजय म्हणायची, "लेकराच्या अभ्यासाकडं एवढं बगितलं असतं तर." पाइप आत उभा चढवून छताच्या वरपर्यंत नेला, म्हणजे त्याचं लांबलचक अंग खोलीतच तापेल. इथं एक मेख असते: धुराची सगळीच ऊब काढून घेतली तर तो थंडावतो, वर चढायला आळसतो आणि पाइपाच्या आत डांबरासारखा काळा चिकटा जमतो, तोच पुढं पेट घेतो. म्हणून उधळायचंही नाही आणि अगदी चिक्कूपणाही नाही. पत्र्याखाली बांबूचे तट्टे ठोकले, पाइपाभोवती दोन हात जागा मोकळी सोडून. जमिनीतून पीव्हीसी पाइप टाकून शेगडीच्या पुढ्यात बाहेरची हवा आणून सोडली. रात्रभर धुमसत ठेवायचा मोह सोडला आणि वाळलेलं, चिरलेलं लाकूड थोडं-थोडं पण मोकळ्या हवेत पेटतं ठेवलं. खोलीत फरक पडला, नाही असं नाही. पण जाळ आहे तोवरच. विझला की अर्ध्या तासात भिंती गार. वीटकामच ते, चार इंची. सांभाळणार काय आणि किती?

मग भाऊ जे बोलला ते मी मनात बरेच दिवस धरून होते, पण तोंडातून काढायला धजत नव्हते. तो मायला म्हणाला, "मागच्या अंगाला दगडाची भिंत घालू. दीड-दोन फुटी. आपल्या जुन्या घरासारखी. रात्रभर ऊब राहील बग."

माय भाजी निवडत होती. तिचा हात थांबला, एवढंच.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. मोठ्या गणपतीचं विसर्जन करून गाव नुकतं अंथरुणाला लागलं होतं. मी लातूरला होस्टेलवर होते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. पलंग सरकला, आम्ही पोरी ओरडत मैदानात आलो आणि उजाडेपर्यंत आपण वाचलो म्हणून हसत होतो. गावात काय झालं ते दुपारी कळलं. भाऊ चौदाचा, विसर्जनानंतर पोरांबरोबर देवळाच्या पारावरच झोपला होता, म्हणून राहिला. अण्णांना आणि मायला लोकांनी ढिगाऱ्यातून काढलं. आजी आणि धाकटी काकू त्या स्वयंपाकघरात झोपायच्या. चुलीमागच्या भिंतीला लागून, ऊब असायची म्हणून. सप्टेंबरात थंडी नसते, पण म्हाताऱ्या माणसाची जागा ठरलेली असते.

किल्लारीच्या त्या भूकंपात गेलेल्या माणसांचा आकडा दहा हजारांच्या घरात जातो. त्यातली पुष्कळ माणसं जमीन हलल्यानं मेली, यापेक्षा भिंतींनी आणि माळवदांनी मेली, हे नंतर आलेल्या इंजिनिअरांनी सांगितलं. मातीत बसवलेले गोटे, त्यांना बांधून ठेवणारं काही नाही, आणि डोक्यावर पिढ्यान्पिढ्या वाढत गेलेला पांढऱ्या मातीचा भार. जो जाडपणा उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब द्यायचा, तोच अंगावर आला. मी हे वर्गात कधी शिकवलं नाही. उष्माधारकतेच्या धड्याला उदाहरण म्हणून जुन्या घराची भिंत तोंडावर येते आणि मी तवा-कढईचं उदाहरण देते.

त्यानंतर बावन्न गावं नव्या जागी उठवून बसवली, आम्हालाही सिमेंटचं घर मिळालं. माय त्या घरात राहिली, झोपली नाही. अंगणात पत्र्याचा आडोसा करून त्यात झोपायची. थंडीत कुडकुडायची, उन्हाळ्यात भाजायची, पण पत्राच पाहिजे. आमच्याकडं अशी घरं बरीच होती, आत धान्याची पोती आणि बाहेर पत्र्याखाली माणसं. शेतातली ही खोली बांधतानाही तिच्या दोनच अटी: वर पत्रा पाहिजे आणि रात्री दाराला कडी लावायची नाही. दुसऱ्या अटीवरून पोरं तिला चिडवतात. मी त्यांना एकदा जवळ घेऊन सांगितलंय, कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासाला कळत नाही, दर थंडीत पेपरात बातमी असते, आजीचं बरोबर आहे. अर्थात आजी दार उघडं ठेवते ते त्या वायूसाठी नव्हे.

भाजी निवडून झाल्यावर माय म्हणाली, "भिताड नगं." आणि मग, बऱ्याच वेळानं, शेंगांची टरफलं पदरातून झटकताना, "वटा कर. गुडग्याएवढा. त्यो कुणाच्या अंगावर पडतोय?"

तो ओटा आम्हा दोघांना कसा सुचला नाही, कोण जाणे. उंची गुडघ्याएवढी, शेगडीच्या तीन बाजूंनी, मध्ये चार बोटं हवा खेळायला जागा. भाऊ म्हणाला, जुन्या गावठाणात आपले दगड पडलेत, ट्रॅक्टर नेऊन आणू. माय म्हणाली, "तितले नगं आणू." एवढ्यावरच तो विषय संपला. बांधावरचे काळे दगड आणले, साधारण चारशे किलो भरले असतील, मातीत बसवले, वरून सारवून घेतलं. मला राहवेना म्हणून हिशोब केला: एवढा दगड खोलीपेक्षा ३० अंशांनी जास्त तापला, तर त्यात जवळपास पावणेतीन युनिट विजेएवढी उष्णता साठते. म्हणजे हजार वॅटचा हीटर पावणेतीन तास. फार नाही, पण हा हीटर रात्रीच्या लाईटीवर अवलंबून नाही. भावाला धुराचा पाइपच ओट्याच्या पोटातून आडवा फिरवायचा होता. कोरियात अशा तापत्या जमिनीवर, चीनमध्ये तापत्या ओट्यांवर माणसं झोपतात, त्याचे व्हिडिओ त्यानं बघितले होते. एक दिवस करून पाहिलं. सगळा धूर खोलीत. मायला ढास लागली आणि पाइप मुकाट्यानं पुन्हा उभा केला.

संक्रांतीच्या आधीची एक रात्र. भाऊ दारं धरायला गेलेला, भावजय आणि पोरं गावातल्या घरी. मी आणि माय दोघीच खोलीत. दिवेलागणीपासून नऊ-साडेनऊपर्यंत जाळ घातला, वाळलेली बाभूळ, बोटं मोजून सात लाकडं. मायनं आधी ओट्याला तळवा लावला, भाकरी तव्यावरून उतरवायच्या आधी लावते तसा, पटकन आणि उलटा. मग वाकळ घेऊन बसली. चांगलं आहे, वाईट आहे, काही म्हणाली नाही. थोड्या वेळानं मी बघितलं, तर तिनं पाठ टेकवली होती. ओटा गुडघ्याएवढा, त्यामुळं पाठ टेकायला तिला खाली जमिनीवर सरकून बसावं लागलं होतं, पाय लांब करून, लहान पोरीसारखं.

भाऊ दोनच्या सुमाराला आला. पायाचा चिखल न धुता ओट्याला तळपाय लावून बसला, काही न बोलता, डोळे मिटून. सारवणावर त्याच्या दोन्ही पावलांचे ठसे उमटले. मग तिथंच आडवा झाला.

मला पहाटं जाग आली. घड्याळ बघितलं नाही. आमच्या घरात त्या वेळेला जाग येते ती कुणालाच नवी नाही. शेगडी केव्हाच काळी पडली होती. पत्र्यावर दव टपटपत होतं. अंधारात हात लांब करून ओटा चाचपला तर कोमट होता, आणि चाचपता चाचपता माझा हात मायच्या हातावर पडला. तिचा तळवा वाकळेच्या बाहेर, दगडावर पसरलेला. जागीच होती.

"दार उगडं हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"हाय," मी म्हटलं.